सगळं यूटीसीत साठवलं, तरी तास हुकला

सांजवात

नमस्कार मंडळी. ऑनलाइन शिकवण्यांचं वेळापत्रक सांभाळणारी एक प्रणाली आमच्या टीमकडे आहे. ती लिहायला घेतली तेव्हा मी एकच नियम घालून घेतला होता: डेटाबेसात जी वेळ जाईल ती यूटीसीतच, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेतच जाईल, आणि दाखवताना ज्याच्या त्याच्या टाइमझोनमध्ये बदलून दाखवायची. प्रत्येक कोड रिव्ह्यूत डोळ्यांत तेल घालून हे तपासलं. तरी या मार्चमध्ये व्हायचं ते झालंच.

शिक्षिका न्यूयॉर्कमध्ये, विद्यार्थी लंडनमध्ये. जानेवारीत ठरलं: दर सोमवारी न्यूयॉर्कचे सकाळचे ९. म्हणजे लंडनचे दुपारचे २ आणि यूटीसीचे १४:००. आम्ही १४:०० साठवलं, पुढच्या सगळ्या सोमवारांसाठी तेच. ९ मार्च २०२५ ला अमेरिकेतली घड्याळं तासभर पुढे गेली. १० तारखेला शिक्षिका नेहमीप्रमाणे ९ ला येऊन बसल्या. विद्यार्थी आला तेव्हा त्यांच्याकडे १० वाजले होते, कारण लंडनमध्ये अजून हिवाळ्याचीच वेळ चालू होती आणि आमच्या पडद्यावर त्याला नेहमीचेच २ दिसत होते. तोवर त्या वाट पाहून निघून गेल्या होत्या. पुढचे दोन सोमवार हाच प्रकार. ३० मार्चला लंडनचीही घड्याळं पुढे गेली, वाटलं आता जुळेल. तर ३१ ला पडद्यावर लंडनचे ३ आणि न्यूयॉर्कचे १०! ठरलेले होते २ आणि ९.

मी रूपांतराची ओळ न ओळ तपासली. गणित कुठेही चुकलेलं नाही. मग चुकलं काय? ‘यूटीसीत साठवा’ हा सल्लाच चुकीचा आहे का?


रेषाखंड

सांजवात, सल्ला चुकीचा नाही, अर्धा आहे. तो सांगणारे उरलेला अर्धा सांगत नाहीत, म्हणून तुमच्यासारखी काळजीपूर्वक काम करणारी माणसंच त्यात अडकतात.

घडून गेलेली गोष्ट आणि ठरवलेली गोष्ट, या दोन निरनिराळ्या आहेत. पैसे जमा झाले, कुणी लॉगिन केलं, सर्व्हर पडला, हे सगळं एका क्षणाला घडलं. तो क्षण जगभर एकच असतो आणि आता कुणाचं सरकार काहीही ठरवो, तो हलणार नाही. तिथे यूटीसी उत्तम. पण ‘दर सोमवारी ९ वाजता’ हा क्षण नाही. तो शब्द आहे, आणि तो भिंतीवरच्या घड्याळाला बांधलेला आहे. शिक्षिकांनी ‘यूटीसी १४:०० ला येते’ असं कधीच म्हटलं नव्हतं. तुम्ही जानेवारीतल्या नियमाने त्या शब्दाचं क्षणात रूपांतर केलंत आणि मूळ शब्द टाकून दिलात. मार्चमध्ये नियम बदलला तेव्हा परत जायला वाट उरली नाही.

म्हणून भविष्यातल्या वेळेसाठी तीन गोष्टी साठवा. घड्याळातली वेळ जशी सांगितली तशी, म्हणजे ०९:००. झोनचं पूर्ण नाव, म्हणजे ‘अमेरिका/न्यूयॉर्क’. आणि शोधायला, क्रम लावायला सोयीचं म्हणून त्यावरून काढलेलं यूटीसी. यातल्या पहिल्या दोन मूळ नोंदी. तिसरी मोजून काढलेली, केव्हाही पुसून पुन्हा मोजता येईल अशी.

ऑफसेट, म्हणजे यूटीसीपासूनचा फरक, हा झोन नव्हे, हेही इथेच सांगतो. उणे ५ तास हा फक्त एक आकडा आहे. न्यूयॉर्क हिवाळ्यात उणे ५ वर असतं, उन्हाळ्यात उणे ४ वर. लिमा मात्र बाराही महिने उणे ५ वर. वेळेसोबत नुसता उणे ५ साठवलात, तर माणूस न्यूयॉर्कचा की लिमाचा हे कळायला मार्ग नाही.


टिंबटिंब

थोडा असहमत. पुन्हा पुन्हा होणाऱ्या भेटींचं पटलं, तिथे नियम झोनसकट ठेवायलाच हवा. पण एकदाच होणारी भेट असेल तर? तारीख ठरली, वेळ ठरली, त्या तारखेला डीएसटी (उन्हाळ्यात घड्याळं पुढे करण्याची पद्धत) असेल की नाही हे लायब्ररीला, म्हणजे वेळेचं गणित करणाऱ्या तयार कोडला, आजच माहीत आहे. मग सरळ यूटीसी काढून ठेवायला काय हरकत आहे? तीन कॉलम ठेवले की ते कधीतरी एकमेकांशी विसंगत होणार, तो त्रास वेगळाच.


रेषाखंड

टिंबटिंब, लायब्ररीला आज माहीत आहे तो आजचा नियम. त्या तारखेपर्यंत तो टिकेलच याची हमी कुणी दिलेली नाही.

कझाकस्तानचं बघा. १ मार्च २०२४ ला त्यांनी अख्खा देश यूटीसी अधिक ५ वर आणला. अल्माटी त्याआधी अधिक ६ वर होतं. समजा तुम्ही २०२३ मध्ये अल्माटीची १५ मार्च २०२४, सकाळी १० ची भेट नोंदवलीत आणि तेव्हाच्या नियमाने यूटीसी ०४:०० साठवलंत. मार्च उजाडला, सर्व्हरवर नवे नियम आले, आणि पडद्यावर दिसू लागले सकाळचे ९. एकदाच होणारी भेट, डीएसटीचा संबंध नाही, तरीही तास हुकला. मेक्सिकोने २०२२ मध्ये बहुतेक भागांतलं डीएसटी बंद केलं. जॉर्डन आणि सिरिया त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कायमचे अधिक ३ वर गेले. इजिप्तने बंद केलेलं डीएसटी एप्रिल २०२३ मध्ये पुन्हा आणलं. ही यादी दरवर्षी वाढते.

विसंगतीची भीती रास्त आहे. त्यावर उपाय म्हणजे यूटीसीचा कॉलम कोणत्याही स्क्रीनवरून थेट लिहू द्यायचा नाही. तो भरणारं फंक्शन एकच ठेवायचं आणि नियमांची आवृत्ती बदलली की पुढच्या सगळ्या भेटींवरून ते पुन्हा फिरवायचं.


दुपारपाळी

मी सर्व्हर सांभाळणाऱ्यांपैकी आहे, म्हणून ‘नियमांची आवृत्ती’ या शब्दावर जरा थांबते. प्रोग्राम लिहिणाऱ्या बऱ्याच जणांना हे नियम येतात कुठून याची कल्पना नसते.

ते येतात टीझेड डेटाबेसातून. आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी तो सुरू केला, पुढे बरीच वर्षं पॉल एगर्ट तो सांभाळत आले आहेत आणि २०११ पासून आयएएनए या इंटरनेटचे क्रमांक-नावं सांभाळणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली तो प्रसिद्ध होतो. वर्षातून अनेकदा नवी आवृत्ती निघते. नाव साधं असतं: २०२३ए, २०२३बी, २०२३सी. या बी आणि सी मागची गोष्ट ज्याने त्याने वाचावी अशी आहे. मार्च २०२३ मध्ये लेबनॉनच्या सरकारने उन्हाळी वेळ महिनाभर पुढे ढकलल्याचं ऐनवेळी जाहीर केलं. काही संस्थांनी ते मानलं, काहींनी मानलं नाही, आणि काही दिवस एकाच देशात दोन निरनिराळ्या वेळा चालू होत्या. डेटाबेसवाल्यांनी घाईने २०२३बी काढली. सरकारने निर्णय मागे घेतला, लगेच २०२३सी काढावी लागली. मधल्या काळात ज्यांनी बी बसवली आणि सी बसवली नाही, त्यांचे सर्व्हर मागे घेतलेल्या निर्णयावर चालत राहिले. त्याआधी २०१५ मध्ये तुर्कस्तानने निवडणुकीमुळे डीएसटीचा शेवट २५ ऑक्टोबरवरून ८ नोव्हेंबरवर नेला, तेव्हाही कित्येक फोन आपापले जुन्या तारखेला तासभर मागे गेले होते.

आता तुमच्याकडे बघा. ऑपरेटिंग सिस्टिमची एक प्रत. जावाच्या रनटाइमची स्वतःची वेगळी. डेटाबेस सर्व्हरची कदाचित तिसरी. ब्राउझरमधली चौथी, ती तर वापरणाऱ्याच्या मशीनवर, तुमच्या हाताबाहेर. या चारही एकाच आवृत्तीवर असतील असं समजून चालू नका. आम्ही प्रत्येक सेवा सुरू होताना तिची आवृत्ती लॉगमध्ये छापायला लावली, तेव्हा कुठे कळलं की एक जुनी सेवा कितीतरी मागे राहिली होती.

कंटेनर (प्रोग्राम आणि त्याला लागणाऱ्या गोष्टींचं एकत्र बांधलेलं गाठोडं) लहान ठेवायच्या नादात कित्येक इमेजमधून हा डेटाबेसच वगळलेला असतो. गो भाषेत अशा रिकाम्या कंटेनरमध्ये झोन लोड करायला गेलं की त्रुटी येते. ती नीट न तपासता ‘नाही मिळाला तर यूटीसी’ असं कुणी लिहून ठेवलं असेल, तर काहीही न बोंबलता सगळं चुकत राहतं. गो १.१५ पासून हा डेटा प्रोग्राममध्येच बांधता येतो, तो बांधून टाका.


अनुस्वार

छान चालला आहे धागा. मी पायथनमध्ये काम करतो, मला भेटलेले दोन खड्डे सांगतो.

जुन्या पीवायटीझेड लायब्ररीत झोनची वस्तू सरळ तारखेला चिकटवली की भलताच ऑफसेट येतो. न्यूयॉर्कसाठी उणे ४ तास ५६ मिनिटं! पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं मशीनच बिघडलं. तो आकडा खरा आहे, फक्त १८८३ च्या आधीचा, रेल्वेची प्रमाणवेळ येण्यापूर्वी त्या शहराची जी स्थानिक सौर वेळ होती तिचा. लायब्ररी यादीतली पहिली नोंद उचलते. तिथे ‘लोकलाइझ’ वापरायचं असतं. पायथन ३.९ पासून झोनइन्फो आलं आहे, त्यात ही अडचण नाही, म्हणून नवीन कामात तेच घ्या.

दुसरा खड्डा झोनइन्फोतही आहे, आणि तो मला जास्त धोकादायक वाटतो. ९ मार्च २०२५, न्यूयॉर्क, रात्रीचा १. त्याच रात्रीचे ३. दोन्ही वेळांना व्यवस्थित झोन लावलेला. वजाबाकी करा, पायथन सांगतो २ तास. प्रत्यक्षात गेला फक्त १ तास, कारण २ ते ३ हा तास त्या रात्री नव्हताच. दोन्ही वेळांचा झोन एकच असला की पायथन ऑफसेट बघतच नाही, घड्याळातले आकडे वजा करतो. आधी दोन्ही यूटीसीत न्या, मग वजा करा. पाळीच्या तासांवर पगार काढणाऱ्या प्रोग्राममध्ये हे असेल, तर रात्रपाळीच्या माणसाला वसंतात एक तास फुकटचा आणि शरदात एक तास कमी.


टिंबटिंब

रेषाखंड, कझाकस्तानचं उदाहरण पटलं. माझं म्हणणं मागे घेतो.

अनुस्वारांनी विषय काढलाच आहे तर विचारतो. जो तास अस्तित्वातच नाही किंवा जो दोनदा येतो, त्याचं नेमकं काय करायचं? २ नोव्हेंबर २०२५ ला न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दीड दोनदा वाजणार: एकदा यूटीसी ०५:३० ला, पुन्हा ०६:३० ला. कुणी त्या वेळेचा अलार्म लावला तर कुठला धरायचा?


रेषाखंड

याला गणिती उत्तर नाही, धोरण ठरवावं लागतं आणि ते लिहून ठेवावं लागतं. लायब्रऱ्यांनी आपापलं धोरण आधीच ठरवलेलं असतं, आपण फक्त विचारलेलं नसतं. जावाच्या नव्या टाइम पॅकेजात दोनदा येणाऱ्या वेळेपैकी पहिली धरतात आणि नसलेली वेळ पोकळीइतकी पुढे ढकलतात, म्हणजे अडीचचे साडेतीन. पायथनमध्ये ३.६ पासून ‘फोल्ड’ नावाचा गुणधर्म आहे, ० म्हणजे पहिली, १ म्हणजे दुसरी. अलार्मसाठी पहिली वेळ बहुतेकांना चालेल. औषधाच्या मात्रेसाठी मी घड्याळाची वेळ धरणारच नाही, शेवटच्या मात्रेपासून गेलेले तास मोजेन.

आणखी एक. ‘दिवसाची सुरुवात म्हणजे ००:००’ असं गृहीत धरलेलं मी फार ठिकाणी पाहिलंय. ब्राझीलमध्ये ४ नोव्हेंबर २०१८ ला साओ पावलोच्या घड्याळात ००:०० वाजलेच नाहीत. २३:५९ नंतर थेट ०१:००. इजिप्तमध्ये आजही डीएसटी मध्यरात्रीच सुरू होतं. तारखेला ००:०० जोडून दिवसाचा अहवाल काढणारे प्रोग्राम अशा दिवशी कोसळतात किंवा आदल्या दिवसाची बेरीज उचलतात. दिवसाची सुरुवात लायब्ररीला विचारा, स्वतः बनवू नका. आणि उद्या म्हणजे अधिक २४ तास नव्हे. बदलाच्या दिवशी दिवस २३ किंवा २५ तासांचा असतो, ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर तर साडेतेवीस किंवा साडेचोवीस, कारण तिथे डीएसटी अर्ध्याच तासाचं आहे. सामोआत ३० डिसेंबर २०११ हा दिवसच नव्हता. आंतरराष्ट्रीय वाररेषेची बाजू बदलताना त्यांनी गुरुवारनंतर सरळ शनिवार धरला.


दुपारपाळी

क्रॉनबद्दल, म्हणजे ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, राहिलंच. रोज रात्री २:३० ला चालणारं बॅकअपचं काम स्थानिक वेळेवर लावलं असेल, तर वसंतात ते एकदा चालत नाही किंवा भलत्या वेळी चालतं, आणि शरदात १:३० वालं काम दोनदा चालू शकतं. बॅकअप दोनदा झाला तर फार बिघडत नाही, बिलं दोनदा गेली तर बिघडतं. काही क्रॉन हे सावरून घेतात, काही घेत नाहीत. सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर ठेवा, आणि काम असं लिहा की दुसऱ्यांदा चाललं तरी नुकसान होऊ नये.


काजळरेघ

पहिल्यांदाच लिहितेय, चुकलं तर सांगा. माझा प्रश्न वेळेचा नाही, तारखेचा आहे. मी जावास्क्रिप्टमध्ये जन्मतारखेचा फॉर्म केला. अमेरिकेतल्या लोकांना स्वतःची जन्मतारीख एक दिवस आधीची दिसते. १५ मे भरली तर १४ मे. माझ्या मशीनवर मात्र बरोबर दिसते.


अनुस्वार

काजळरेघ, चूक काही नाही, प्रश्न अगदी मोक्याचा आहे. जावास्क्रिप्टला नुसती तारीख, म्हणजे १९९०-०५-१५ अशी दिली, की तो ती यूटीसीतली मध्यरात्र समजतो. तीच तारीख वेळेसकट, पण ऑफसेटशिवाय दिली, तर स्थानिक वेळ समजतो. न्यूयॉर्कमध्ये यूटीसीची मध्यरात्र म्हणजे आदल्या दिवशीचे रात्रीचे ८, म्हणून १४ मे. यूटीसीच्या पूर्वेला बसलेल्यांना हा बग कधीच दिसत नाही, कारण त्यांच्याकडे तेव्हा १५ तारीखच असते.

खरा उपाय मात्र वेगळा आहे. जन्मतारखेला टाइमझोन नसतो. माणूस कुठेही गेला तरी त्याची जन्मतारीख तीच. ती डेटाबेसात तारीख या प्रकारातच ठेवा, ब्राउझरकडे अक्षरांच्या रूपात पाठवा, आणि मधे कुठेही तिचं क्षणात रूपांतर होऊ देऊ नका. सुट्ट्या, कराराची मुदत, पासपोर्टची तारीख, सगळ्यांना हेच लागू.

बग पकडायचा असेल तर चाचण्या तीन झोनमध्ये चालवा: न्यूयॉर्क, काठमांडू आणि किरितिमाती. काठमांडू अधिक ५:४५ वर असल्यामुळे ‘ऑफसेट म्हणजे पूर्ण तास’ समजणारा कोड तिथे उघडा पडतो. किरितिमाती अधिक १४ वर आहे, ‘१२ च्या पुढे ऑफसेट नसतो’ म्हणणारा तिथे.


काजळरेघ

सापडलं! अगदी हेच होतं. मनापासून आभार. मी तर झोनची संक्षिप्त नावं जोडून दुरुस्त करायला निघाले होते.


रेषाखंड

संक्षिप्त नावांच्या वाटेला जाऊ नका. सीएसटी म्हणजे अमेरिकेची सेंट्रल वेळ, चीनची प्रमाणवेळ आणि क्यूबाचीही. आयएसटी भारताची, इस्राएलची आणि आयर्लंडची. गोचा पार्सर अनोळखी संक्षेप दिसला की ऑफसेट शून्य धरून पुढे जातो, तक्रार करत नाही.

चिन्हांचाही घोळ आहे. ‘ईटीसी/जीएमटी+५’ हा झोन ग्रीनिचच्या ५ तास मागे आहे, पुढे नाही. पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या मानकातल्या जुन्या प्रथेमुळे चिन्ह उलटं आहे. जावास्क्रिप्टमध्ये झोनचा ऑफसेट विचारला की तोही उलट्या चिन्हाने मिनिटांत येतो, उणे ५ तासांना ३००.

आणि पोस्टग्रेस डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी: ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ या प्रकारात टाइमझोन साठवला जात नाही. दिलेली वेळ यूटीसीत नेऊन ठेवतात, दाखवताना सत्राच्या झोनमध्ये दाखवतात, मूळ झोन गेला तो गेलाच. ‘विदाउट’ असलेल्या प्रकारात मजकुरासोबत ऑफसेट दिलात तर तो गुपचूप गाळला जातो. म्हणून सांजवातना झोनचं नाव वेगळ्या कॉलममध्ये ठेवावं लागेल. मायएसक्यूएल डेटाबेसचा टाइमस्टॅम्प १९ जानेवारी २०३८, यूटीसी ०३:१४:०७ च्या पुढची वेळ घेत नाही, तेही लक्षात असू द्या. दीर्घ मुदतीची कर्जं त्या तारखेच्या पलीकडे आधीच गेलेली आहेत.


सांजवात

सगळ्यांचे प्रतिसाद दोनदा वाचले, टीमसमोरही ठेवले. आता अडचण जुन्या नोंदींची. आमच्याकडे फक्त यूटीसी उरलंय. शिक्षिकेच्या खात्यात तिच्या झोनचं नाव आहे, आणि नोंद कधी केली ती तारीख आहे. तेवढ्यावरून मूळ ‘९ वाजता’ परत मिळेल?


रेषाखंड

बहुतेक मिळेल. मालिकेतली पहिली शिकवणी घ्या. तिची यूटीसी वेळ शिक्षिकेच्या झोनमध्ये, त्या पहिल्याच तारखेच्या ऑफसेटने बदला. जे घड्याळ येईल तोच दिलेला शब्द. तुमच्या उदाहरणात जानेवारीतला पहिला सोमवार, १४:०० उणे ५, म्हणजे ९. आजच्या ऑफसेटने बदलाल तर १० येतील आणि चूक कायमची कोरली जाईल.

ज्या मालिका मार्चनंतर कुणी हाताने हलवल्या असतील त्या बाजूला काढा. त्यांच्यावर हा हिशोब चालवू नका.


सांजवात

केलं. हाताने हलवलेल्या मालिका वेगळ्या काढल्या आणि त्या प्रत्येक शिक्षिकेला पत्र लिहून विचारलं. बाकीच्यांवर हिशोब चालवला, न्यूयॉर्कची ती शिकवणी ९ वर परत आली. लंडनच्या विद्यार्थ्याला पुढच्या वर्षी ८ ते २९ मार्चमधल्या तीन सोमवारी दुपारी १ ला यावं लागेल, तेही पडद्यावर आता आधीच ठळक दिसतं. आणि फॉर्मवर एक ओळ वाढवली: ‘ही वेळ शिक्षकांच्या शहराच्या घड्याळानुसार धरली जाईल: न्यूयॉर्क’.


दुपारपाळी

सांजवात, एक शंका. त्या शिक्षिका उद्या फीनिक्सला राहायला गेल्या तर? ॲरिझोनात बहुतेक ठिकाणी डीएसटी नाही. खात्यातला झोन बदलला की चालू मालिकांचाही बदलणार का?


सांजवात

नाही. झोन आता मालिकेवर लिहिलेला आहे, खात्यावरून फक्त नव्या मालिकेत उचलला जातो. खात्यातला झोन बदलला की चालू मालिका एकेक करून समोर येतात आणि प्रत्येकीपुढे दोन पर्याय: न्यूयॉर्कचे ९ तसेच ठेवायचे, की फीनिक्सचे ९ करायचे. उत्तर मिळेपर्यंत न्यूयॉर्कच. दुसरा पर्याय निवडला तर विद्यार्थ्याकडे विनंती जाते, त्याने होकार दिल्याशिवाय वेळ हलत नाही. तो होकाराचा पडदा आज लिहायला घेतलाय.